दोन-चाळीसची नोंद

आधी सगळे करतात ते केलं.
डबा बंद करून वीसपर्यंत मोजलं, पुन्हा चालू केला,
अँटेना उभ्या केल्या, आडव्या केल्या,
कॉम्प्युटरची पाठ पुसली जुन्या परकराच्या तुकड्याने,
पासवर्ड बदलला आणि विसरले.
सोसायटीचे कन्व्हेयन्सचे कागद चौतीस टक्क्यांवर बसून राहिले,
मानपानावरून अडलेल्या व्याह्यांसारखे.

केबलवाला आला, विक्रांत, हेल्मेट डोक्यावरच.
म्हणाला, मावशी, लाइन ओके आहे.
हे वाक्य मी सत्तावीस वर्षं लोकांना ऐकवलंय
ठाण्याच्या एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून.
त्याचा अर्थ मला नका सांगू.

मग वही काढली.
शिर्सेकरबाई म्हणायच्या, फॉल्टची वेळ लिहा,
फॉल्टलाही सवयी असतात.

सोमवार, दुपारी चार-दहा. नेट मेलं. तीन मिनिटं.
सोमवार, रात्री दोन-चाळीस.
मंगळवार, दोन-चाळीस.
बुधवारी मी जागीच होते, तशी असतेच.
आकडा घसरला, अठ्ठावीसवरून एकदम दोनवर,
आणि भिंतीपलीकडे
टिंग.

घणसोलीतल्या सिडकोच्या भिंती,
रंग लावायला काहीतरी हवं म्हणून उभ्या.
पलीकडे गावंड. महापेला शिफ्ट, दोनला सुटतो,
येऊन जेवण गरम करतो.
त्याचा मायक्रोवेव्ह आणि माझा वायफाय
एकाच लहरीवर बोलतात,
आणि मायक्रोवेव्हचा आवाज मोठा.

उपाय सोपा. विक्रांतने फोनवरच सांगितला,
सेटिंगमध्ये जाऊन पाच जीवर टाका,
नाहीतर डबा त्या भिंतीपासून हलवा.
उद्या करू म्हटलं.
नंतरही म्हटलं.

दोन-चाळीस, दोन मिनिटं: भात असणार.
दोन-चव्वेचाळीस, अर्धं मिनिट: मध्ये गार राहिला.
रविवारी लांबलं: उरणहून आईचा डबा.
एकदा लागोपाठ दोन वेळा, दोघांपुरतं.
मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं
आणि लगेच खोडलं, आपला काय संबंध.

परवा आकडा हलला नाही.
काल नाही.
कागद एका दमात गेले, शंभर टक्के,
हिरवी खूण आली, सोसायटी सुटली.
आज दोन-चाळीस: अठ्ठावीस.
दोन-पंचेचाळीस: एकोणतीस.
तीन.
इतका वेग या घरात कधीच नव्हता.

गाऊनवर ओढणी घेतली.
माझं दार उघडंच राहिलं,
त्यामुळे त्याची बेल दाबली तेव्हा
ती माझ्या स्वयंपाकघरातही वाजली.