लाभ, दोन, तीन

जन्मली तेव्हा चार किलो नऊशे.
वॉर्डातल्या बायका उठून बघायला यायच्या,
"बाळसं बघा पोरीचं!" म्हणत
कानशिलावर बोटं मोडायच्या.
मी खूश. मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी,
भरल्या वजनाला वाईट म्हणायला
कुणी शिकवलंच नव्हतं मला.

मग ओठांत न मावणारी जीभ.
कानाच्या पाळीवर बारीक चीर, नख रुतल्यासारखी.
मग डावा पाय उजव्याच्या पुढे निघाला.
डॉक्टर मुकादमांनी टेप लावला
तेव्हा मीही सवयीनं वाकलो
आकडा वाचायला.

"वाढ घाईत आहे," ते म्हणाले,
"घाईत एखादी पेशी वाट चुकते.
चुकेलच असं नाही.
पण आठ वर्षांची होईपर्यंत
दर तीन महिन्यांनी पोट बघायचं.
सापडलंच, तर लहान असताना सापडावं."
सारिकानं विचारलं, "कोण लहान असताना? पोरगी?"
ते जरा थांबले.
"दोन्ही," म्हणाले.

पाटणला आमचे वडील भात मोजायचे,
पहिल्या पायलीला एक नाही म्हणायचे कधी.
लाभ, दोन, तीन.
का, ते विचारायचं नाही.
पहिल्या सोनोग्राफीला मी
पडद्याकडे पाठ करून पुटपुटलो, लाभ.

त्या दिवशी सकाळी दूध नाही.
बिस्किटांचा डबा फ्रिजच्या मागे.
तीन टाकीच्या स्टॉपवर वडे तळायला काढलेले असतात,
तिथून शरयूला खांद्यावर घेऊन
जवळजवळ पळतच जायचं.
पोटावर जेल पडलं की ती ओरडते,
"गार शेंबूड!"
आणि पेडणेकर बाई हसतात,
हसता हसता विचारतात मला, कांदा काय म्हणतोय सध्या.
मी भाव सांगतो.
त्या यकृतावरून किडनीकडे सरकतात.
आणि मध्येच
बोलायच्या थांबतात.

मी गोणी उचलल्या आहेत पन्नास-पन्नास किलोच्या.
त्या तीन सेकंदांना
काटा नाही.

अकराव्या वेळी तीन सेकंदांचे आठ दिवस झाले.
डाव्या किडनीवर काहीतरी,
खारघरला दाखवा.
त्या आठवड्यात मी एका व्यापाऱ्याचं माप चुकवलं,
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
त्यानं शिव्या दिल्या, बऱ्या वाटल्या.
नवव्या दिवशी कळलं, पाण्याचा फुगा आहे,
साधा, निरुपद्रवी.
सारिका तिथंच जिन्यात बसली
आणि पर्समधलं केळं सोलून
स्वतःच खाल्लं तिनं, सगळं.

चपला घ्यायच्या तर दोन जोड.
डावी तेराची, उजवी अकराची.
उरते एक लहान डावी, एक मोठी उजवी.
टाकवत नाहीत.
माळ्यावर कांद्याच्या जाळीच्या पोत्यात साठवत गेलो.
असेल कुठंतरी एखादं पोर
उजवीकडून घाईत असलेलं.

परवा एकतिसावी.
पेडणेकर बाईंनी जेल पुसलं, म्हणाल्या,
"आठ पूर्ण ना? आता माझ्याकडे यायचं नाही."
मी म्हणालो, "एकदा अजून, पुढच्या तिमाहीला?
पैसे माझे मी देतो."
बाई काही बोलल्या नाहीत.
शरयूनं फ्रॉक खाली ओढला,
आणि माझ्या ढेरीवर बोट टेकवून म्हणाली,
"याचं बघा ना. याचं कुणी बघितलंच नाही कधी."

घरी येताना तीन टाकीला वडे खाल्ले,
भर उन्हात, उभ्यानं, तिघांनी.
रात्री सारिका म्हणाली, ते पोतं आता काढ.
मी काढलं, हातात तोललं.
साडेसहा किलो असेल. सहा सातशे.
पुन्हा वर टाकलं.