दोन मिरच्या, कोथिंबीर नको

मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइन स्टेशनसमोर
पहाटे चारला दिएपबाई भट्टी पेटवते.
पाव फ्रेंचांचा, त्यातली तांदळाची पिठी तिच्या आईची;
म्हणून बान्ह मीचं कवच असं फुटतं
की बाकावरचे पारवेसुद्धा आवाज ओळखतात.

सहाला रांग: सुदानी गवंडी, फिलिपिनो नर्सा,
रात्रपाळी संपवून आलेले ड्रायव्हर.
नाव एकाचंही ठाऊक नाही तिला.
इंग्रजीचा एक शब्द पुरतो दिवसभर,
"चिली?"
आणि मान हलते, हो किंवा नाही.

मंगळवारी एक बाई आली. काळा कोट.
फोनमधला फोटो पुढे धरला:
मिलेंको. माझा नवरा. इथंच खायचा ना?
तो खायचा तेच द्या.

दिएपबाईनं फोटो पाहिला, हात पुसले.
कलेजीची पेस्ट जाड. मुळा-गाजराचं लोणचं निथळून.
कोथिंबीर नको.
मिरच्या दोन, बियांसकट.

बाईनं दारातच घास घेतला.
नाक, डोळे, सगळंच वाहू लागलं.
"घरी तर," ती ठसकत म्हणाली,
"मिरपूडसुद्धा सोसायची नाही त्याला."

दिएपबाईला निम्मंच कळलं.
पाण्याची बाटली सरकवली,
पैसे घेतले ते फक्त पावाचे.
मागे कुणीतरी खाकरलं.

"चिली?"