बोलत या

बदलीचा कागद मंगळवारी आला : केंद्रीय विद्यालय, पिथौरागढ.
शुक्रवारी तिथल्या घरमालकिणीचा फोन.
त्यांची हिंदी डोंगरातली, माझी देवळालीच्या छावणीतली,
मध्ये दोनदा लाइन तुटली,
तरी भाडं ठरायच्या आधी बिष्टबाईंनी धोके सांगितले.
मी नववीच्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर उतरून घेतले.

गुलदार आहे. म्हणजे बिबट्याच.
कुत्रा पाळणार असाल तर रात्री घरात,
न पाळाल तर उत्तम.
मक्याची कणसं भरली की अस्वल उतरतं,
त्याच्यापुढे पळायचं नाही, चढावर तर नाहीच नाही.
पावसात जळवा. मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा.
बिच्छू घासला हात लावू नका
(आम्ही तिची भाजी करतो, ती गोष्ट वेगळी).
वरून खडे घरंगळायला लागले
तर वर बघत उभं राहू नका.
जमीन हलली तर अंगणात या,
आमच्या अंगणाला मुद्दामच फाटक नाही.

मग म्हणाल्या, "तुमच्या सपाटीवर निवांत असेल, नाही?"

निवांत.
खिडकीतून वालदेवी दिसत होती, पलीकडे ऊस.
उसात काय आहे ते अख्ख्या विहितगावाला ठाऊक.
सांगितलं : गेल्या पौषात वनखात्यानं पिंजरा लावला.
पाच रात्री नुसती शेळी ओरडली.
सहाव्या रात्री सापडला तो भागवत गायधनींचा कुत्रा.
बिबट्या नंतर सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसला,
जिना चढून टाकीपर्यंत गेला,
काही न घेता उतरला.
सांगितलं : गोदेला पूर आला की आम्ही आकडे विचारत नाही,
दुतोंड्या मारुती बघतो.
गुडघ्याला पाणी म्हणजे अजून एक चहा,
कमरेला म्हणजे भांडीबाजार रिकामा करा,
आणि गळ्याशी आलं
की दुकानदार बोलायचेच थांबतात.
गारा सांगितल्या, द्राक्षात साखर भरायच्या आठवड्यातल्या.
"बर्फ पडतो?" "पडतो. वीस मिनिटं."
पांडवलेण्यांवर अत्तर लावून जाऊ नये, आग्या मोहोळ आहे.
कांद्याच्या चाळीत कुकरसारखी शिटी ऐकू आली
तर शिट्या मोजत बसू नये, ती घोणस असते.

पलीकडे शांतता. मला वाटलं, लाइन गेली.
"मॅडम," बिष्टबाई हळूच म्हणाल्या, "तिथं राहता कशा हो?"

दोघीही हसलो. भाडं त्यांनी दोनशेनं कमी केलं.
आणि ठेवता ठेवता,
"एक राहिलंच. शाळेतून उतरताना अंधार झाला
तर बोलत या. मोठ्यानं.
माणूस येतंय कळलं की गुलदार वाट देतो.
गप्प माणूस त्याला माणूस वाटत नाही."

हे मी लिहून घेतलं नाही.
बोलत, ठीक आहे. पण कुणाशी?
वर्गातलं बोलणं घंटेबरोबर संपतं.
घरी अकरा वर्षं मी आणि फ्रिज,
त्यात फ्रिजच जास्त बोलतो.

रात्री सराव करायला निघाले,
पुलापर्यंतच्या त्या बिनदिव्याच्या पट्ट्यात.
आधी आवाजच फुटेना.
स्वतःचं नाव घेऊन पाहिलं, लाज वाटली.
दूधवाल्याचा हिशेब मोठ्यानं सांगितला, तो चार पावलांत संपला.
मग पाढे धरले.
एकोणिसाचा, तेविसाचा,
पुलावर आले तेव्हा एकोणतिसाचा चालू होता.
ऊस हलला. वारा असेल.
"एकोणतीस सत्ते दोनशे तीन,
एकोणतीस आठे दोनशे बत्तीस,"
मी आवाज चढवला, पाय मात्र थांबले.

पुलाच्या त्या टोकाला विडीचा ठिपका होता.
तोही थांबला.

"पुढं काय, मॅडम?" अंधारातून कुणीतरी म्हणालं,
"माझं शाळेत तिथंच अडायचं."