अडतीस मतं

रविवारी लेस्टरहून भाचीचा फोन येतो.
आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ,
मी टॉवेलच्या घड्या घालत बसलेला,
बाराचं एक बंडल.

मामा, इथं नवीन पक्ष निघालाय.
डावा. खरा डावा, म्हणतात.
जुना मजुरांचा पक्ष आता
मालकासारखा खाकरतो, म्हणून.
पण गोदामातल्या बायका म्हणतात, मतं फुटतील,
आणि ज्यांना माझं आडनाव तोंडात धरवत नाही
ते येतील निवडून.
सांग ना, काय करू?

मी काय सांगू, स्वरूपा.
तुझा देश मला लेबलावरच्या पत्त्यापुरता माहीत.
पण मोजणी माहीत आहे.
मोजणी तुमच्याकडूनच आली इथं.
मँचेस्टरची मशिनं किलोवर गेली भंगारात,
मोजणी राहिली:
ज्याचा गठ्ठा एका कागदानं उंच
त्याचा सगळा वॉर्ड.

भूमय्या येमूल आणि हसनसाब नदाफ.
अठरा वर्षं एक सायकल, एक बादली,
मागावरची उरलेली खळ घालून
रात्री भिंतींना पोस्टरं.
मग विडीच्या मजुरीचा करार आला.
भूमय्यानं सही केली,
म्हणाला, हातात पडेल ते घ्या, पुढचं पुढं.
हसनसाब म्हणाला, हजार विड्यांमागं
एवढ्यात तर दोरासुद्धा येत नाही.
दोघंही खरं बोलत होते.
तिथंच तर घोळ झाला.

हसनसाबला चिन्ह मिळालं शिलाई मशीन.
भिंत तीच, खळ तीच,
आता एक लावायचा, दुसरा त्यावर लावायचा.

तुझी आज्जी, नरसव्वा,
सूप मांडीवर घेऊन दोघांचंही ऐकायची,
कात्री थांबवायची नाही.
मतदानाला गेली आणि साहेबाला विचारलं,
अर्धं-अर्धं देता येतं का ओ?
साहेब हसला. रांग हसली.
ती हसली नव्हती.

मी एजंट होतो, मोजणीच्या टेबलाला छाती लावून उभा.
येमूल चौदाशे बारा.
नदाफ एक हजार सत्त्याण्णव.
शेठ चौदाशे पन्नास.
बेरीज मी करून बघितली, कागदाच्या मागं.
कुणी विचारली नाही.

आई म्हणाली, छाट निघाल्यासारखं झालं.
कारखान्यात बाद केलेली विडी मोजत नाहीत,
पान मात्र आपलंच जातं.

शेठनं पहिल्याच वर्षी नळाची वेळ बदलली,
पहाटे तीन. चार दिवसांतून एकदा.
अजून तीच आहे.

पण हेही सांगितलं पाहिजे:
पुढच्या कराराला भूमय्यानं पेन खिशातच ठेवलं.
बावीस दिवस संप.
हसनसाब उभा राहिला नसता तर
तो कुणाला भ्याला असता?
का भ्याला नव्हताच,
नुसता शहाणा झाला होता? मला ठरवता आलेलं नाही.
दोघं गेले. सायकल कुणाकडं आहे माहीत नाही.

आज्जीनं कुणाला दिलं होतं, मामा?
सांगितलं नाही गं.
मी विचारलं होतं, दोनदा.

बंडल उलगडून बघितलं, अकराच.
परत मोजायला घेतले.

गुरुवारी आहे मतदान, ती म्हणते,
रात्री दहाला बंद.
मी बोटांवर हिशेब केला:
म्हणजे आमच्याकडं शुक्रवार उजाडायच्या आत, अडीच.
कर मग फोन, म्हटलं.
तीनला पाणी येतं.
जागाच असतो मी.