कठीण बी

वडील जन्मभर पांढरा सदरा घालत.
जालन्याच्या मोंढ्यात मापारी,
अंगावर तुरीची धूळ, सरकीची धूळ,
तरी पांढराच. लोक म्हणायचे, सखाहरी
लई टापटिपीचा माणूस.
मलाही तसंच वाटायचं, चाळिशीपर्यंत.
मग एका सकाळी माझ्या निळ्या शर्टाच्या खांद्यावर
कोंडा दिसला. झटकला. पुन्हा पडला.
कोपरावर रुपयाएवढा चट्टा, वर चांदीसारखी पापडी,
आणि पांढऱ्या सदऱ्याचा अर्थ
मला आरशासमोर उभ्याउभ्या कळला.

आई पहाटे आधी त्यांचं अंथरूण झाडायची,
आम्ही जागे व्हायच्या आत.
सुपलीत काय भरायची, कुठं टाकायची,
कुणी विचारलं नाही.
कादराबादेतला न्हावी त्यांचा वस्तरा वेगळा ठेवायचा.
पुढं तोही म्हणाला, घरीच करत जा की.

औरंगाबादला, घाटीत, डॉक्टर नुजहत यांनी
सोरायसिस हा शब्द कागदावर लिहून दिला.
कुणाला लागत नाही, म्हणाल्या. घरात कुणाला होतं?
सहाव्या गुणसूत्रावर एक जागा असते,
शिवाय इकडंतिकडं आणखी कितीतरी,
प्रत्येक जागा उलीसा भार उचलते.
पण नुसत्या जागेनं भागत नाही.
घसा सुजावा लागतो, कातडी खरचटावी लागते,
कधी घरातलं कुणी जावं लागतं.
मी म्हणालो, मॅडम, मी बियाणं कंपनीत आहे,
उगवण तपासतो.
त्या हसल्या. मग तुम्हाला मी काय सांगू?

सांगायला हवं होतं.

रोज चारशे बिया मोजतो मी.
ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, गुंडाळायच्या,
पंचवीस अंशांच्या कपाटात उभ्या करायच्या.
चौथ्या दिवशी मोजणी, बाराव्या दिवशी मोजणी.
उगवलेल्या, विकृत, मेलेल्या,
आणि एक रकाना कठीण बियांचा:
पाणी आत घेत नाहीत, फुगत नाहीत,
कुजतही नाहीत.
रजिस्टरात त्यांना मेलेल्यांत धरायचं नसतं.

कौतिकआत्या तशी.
एकाहत्तर वर्षांची, अंगावर तीळसुद्धा मोजके,
भावाच्या ताटाला ताट लावून बसणारी एकटीच.
तिच्या भागवतला मात्र लग्नाच्या आठवड्यात
गुडघ्यांवर उमटलं.
सोयऱ्यांनी हळदीला दोष दिला,
आत्यानं सुनेच्या पायगुणाला.
तिला कोण सांगणार, की माय,
तुझ्यातूनच गेलं ते, तुला न शिवता.
मी तर नाही सांगितलं.
त्या सुनेशी आत्या अजून नीट बोलत नाही.

स्वरांजली नऊ वर्षांची. वेणी घालताना
मी तिच्या कानामागं बोट फिरवतो, रोज,
आणि तिला कळतं.
पप्पा, मला होणार का?
शंभरात पंधरा-वीस, मी म्हणतो,
म्हणजे ऐंशी जणांना नाहीच.
पण मी तर एकच आहे.

एकट्या बीची टक्केवारी काढता येत नाही.
नवीन पोरांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो.

दिवाळीला मी काळा शर्ट घेतला.
अजून टाचण्यांसकट घडीत आहे.
बायको काही म्हणत नाही, फक्त कपाट आवरताना
तो सगळ्यांत वर ठेवते.

आज संध्याकाळपासून पोरगी खोकतेय.
घसा दुखतो का विचारलं, तर म्हणाली, उलीसा.
रात्रीचे सव्वादोन. एमआयडीसीतून
सळया पडल्याचा आवाज.
उठतो. पाणी कोमट करतो, मीठ टाकतो,
तिला बसती करतो, ग्लास पुढं धरतो.
दिव्यात माझी खरखरीत बोटं दिसतात.
ग्लास दुसऱ्या हातात घेतो.
मग पुन्हा पहिल्याच.