नऊ टक्के

आई सकाळी नऊला दलालाच्या हॉलमध्ये जाऊन बसते.
पायाशी बाजाराची टोपली,
टोपलीत रताळ्याचा पाला, दोन मुळे,
आणि समोर भिंतभर आकडे.
आमच्या तैवानात चढता भाव लाल, उतरता हिरवा.
दुसरीकडे उलटं असतं म्हणे. असो.

आज भिंत लाल आहे.
चिपवाली ती मोठी कंपनी
आमच्या कारखान्यात नऊ टक्के वाटा घेणार.
कोण म्हणालं? फान मास्तर म्हणाले.
त्यांना कोण म्हणालं?
त्यांचा भाचा टॅक्सी चालवतो,
त्याने परवा विमानतळावरून तिघांना आणून सोडलं.
बूट असे चकचकीत,
की तसले बूट घालून कोणी नुसतं बघायला येत नाही.

एवढ्यावर साडेसहा टक्के.

अकरापर्यंत तिघांचे सात झाले.
सातांत एक अध्यक्ष निघाला.
अध्यक्षाने जेवताना माशाचा डोळा मागून घेतला,
म्हणजे सौदा पक्का.
बाजारात तुरी,
आणि तिसऱ्या रांगेत ल्याव काकू नवऱ्याशी भांडतायत,
नफ्यातून गच्चीवर पत्रा घालायचा
की धाकट्याचं लग्न उरकायचं.

मी तेव्हा सात नंबरच्या मशीनपाशी,
डोळ्यांखेरीज सगळी पांढऱ्या कापडात.
मशीनच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या
मक्याच्या फुग्यांचं पाकीट.
हिरवंच लागतं. दुसऱ्या रंगाचं ठेवलं की यंत्र रुसतं.
तारीख उलटलेलंही चालत नाही.
आमच्यात दोघे पीएचडी आहेत,
तेही येता-जाता पाकिटाची तारीख बघतात.

त्या तिघांना मी पाहिलंय.
बूट दाराशीच काढायला लावले होते.
एक म्हातारा, एक दुभाष्या,
आणि एक बाई, जिने माझं नाव
दोनदा विचारून नीट म्हटलं, श्यूल्वान.
ती माझ्या मायक्रोस्कोपवर वाकली
आणि बराच वेळ उठलीच नाही.

तडा होता.
त्यांची चकती आणि आमचा डिंक, यांच्या मधोमध,
केस उभा चिरून पुन्हा चिरावा तेवढा.
हजारात नऊ.

ती म्हणाली, असंच चाललं
तर आम्हाला दुसरा भागीदार बघावा लागेल.
दुभाष्याने ते मऊ करून सांगितलं.
मऊ केलेल्या वाक्यातला 'भागीदार' तेवढा
कुणाच्या तरी खिशातून दाराबाहेर गेला असावा.
आणि तो नऊ.
हजारातला नऊ शंभरात जाऊन बसला,
आणि लाल झाला.

बाराला आईचा फोन.
मागे हॉलचा गलका, कोणीतरी टाळ्या वाजवतंय.
"ठेवू की विकू?"

मी सही केलेला कागद आहे,
त्यावर माझा अंगठ्याएवढा लाल शिक्का आहे,
आतलं बाहेर सांगणार नाही असा.
आईकडे बारा हजार शेअर आहेत,
त्यांतले चार माझ्या बोनसचे,
उरलेले बाबांच्या विम्याचे.
डब्यातला भात गार होत होता.

मी विचारलं, "गच्चीवरचे पर्सिमन वाळले का?"

पलीकडे गप्प.
आईने चाळीस वर्षं शिनपूला पर्सिमन सोललेत,
नवव्या महिन्याच्या वाऱ्यात पसरलेत,
दाबून बघितलेत, उलटलेत.
फळ बाहेरून लाल दिसतं तेव्हा आतून कसं असतं
हे तिला मी काय सांगणार.
"वारा पडलाय," एवढंच म्हणाली.
फोन ठेवला.

दीडला बाजार मिटला. भिंत लालच.
चारला कंपनीचं दोन ओळींचं पत्रक आलं:
अफवांवर आम्ही बोलत नाही.
फान मास्तर म्हणाले, बघा, नाही म्हणाले का?

रात्री पाल्याची भाजी, मुळ्याचं सूप.
विकलेस का, मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तीही बोलली नसती.
ताटं घासताना कळलं की टोपलीच्या तळाशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उरलंय.

हिरवं पाकीट. नारळाची चव.

"तुझ्या मशीनला," आई म्हणाली.
"तारीख बघून घेतलीय. पुढच्या जूनपर्यंत चालेल."