कागदी ओठ

पाटी माझ्याच हातची. निळा ऑइलपेंट,
अक्षरं शेवटी शेवटी उताराला लागलेली:
गळ, दोरा, बर्फ, जिवंत रातकिडे.
आणि तळाशी माशाचं नाव,
जे मी तीनदा खरवडून काढलंय.

आधी लिहिलं होतं क्रॅपी.
बॅटन रूजकडून येणारे पोरगे
वाचून एकमेकांना कोपरानं ढोसायचे.
मग पांढरा पर्च. वरच्या गावांतून तसंच म्हणतात.
पण पर्च हा नव्हेच. सोयरिकीतलाही नसावा.
मग साकाले. तर एका बाईनं
पाव किलो मागितलं, चीज समजून.

साक-आ-ले. दुधाची पिशवी.
नाव दुधाची पिशवी, अंगात थेंब नाही.
का, असं विचारलं तर अख्ख्या बायूत
प्रत्येकाकडे उत्तर तयार:
मांस दुधासारखं पांढरं, म्हणून.
पोट चंदेरी, म्हणून.
तान्ह्या पोराच्या आईनं खाल्ला की
पान्हा फुटतो, म्हणून. हे शेवटचं
आमच्या इझोराकाकूचं. तिला मूल नव्हतं.

नाँक ओझेमे या गप्पांत नसायचा.
सात वर्षांचा असताना बाईंनी
फळ्यावर हाच मासा काढून विचारलेलं, हा कोण?
त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला.
साकाले!
मग शंभर ओळी, मधल्या सुट्टीत, उभ्यानं:
शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही.
अडुसष्टाव्या ओळीला शिसं मोडलं,
बाईंनी दुसरी पेन्सिल दिली.
तेव्हापासून परक्या माणसांपुढे
तो माशाला नुसतं "तो" म्हणायचा.
"आज तो खोल गेलाय."
"त्याला आज भूक नाही."
जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळतात, तसं.
आणि कुणी फार आग्रह केलाच
तर त्याला उखाणाही येत नव्हता.

मिस ओडेसा जेनाकडची, चोक्टॉ.
वर्षातून एकदा येते, डॉगवुड फुलला की.
रातकिड्यांची डबी कानाशी धरून
जिवंत किती ते आवाजावरून मोजते.
पाटीपाशी थांबली, हसली.
"साक्ली," म्हणाली.
"माझ्या आईची मावशी म्हणायची. साक्ली.
तुमच्या लोकांना ऐकू आलं दूध."

म्हणजे ध चा मा. पण इथं खाडाखोड
कुणी मुद्दाम केली नव्हती.
एक भुकेला माणूस होडीतून उतरला असेल,
समोरच्या बाईनं टोपलीतलं दाखवलं असेल,
आणि त्याच्या कानानं, दूरच्या घराची आठवण येऊन,
हाताशी होते ते शब्द लावले असतील.

"आणि साक्ली म्हणजे?" मी विचारलं.
"ट्राउट."
"हा तर ट्राउट नाही."
"नाहीच," ती म्हणाली. "अर्धा डझन जास्त घाल."

ही नदीसुद्धा त्यांचीच, अचाफलाया. लांब नदी.
ते मात्र नीट ऐकलं आपण.
की तेही नाही, कोण जाणे.

त्या संध्याकाळी हे सगळं नाँकला सांगितलं.
तो काही बोलला नाही. होडी सोडली,
सायप्रसच्या गुडघ्यांमधून आत नेली,
जिथं पाणी चहाइतकं काळं.
याला कागदी ओठाचाही म्हणतात.
जोरात ओढलं की ओठ फाटतो,
गळ रिकामा वर येतो, त्यावर एक पापुद्रा.
दोरा सैल ठेवायचा नाही, ताणायचाही नाही,
आणि शेवटी खालून जाळं धरायचं,
बाळाच्या मानेखाली हात धरतात तसं.

दोरा थरथरला. त्यानं मला खूण केली, जाळं.
पाण्याखाली एक चंदेरी कूस वळली
आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस
कुणी विचारलेलं नसताना, हात वर न करता,
माशाला म्हणाला,
ये. साकाले. ये.

पाटीवर अजून काही लिहिलेलं नाही.
दमट दिवशी खरवडलेली तिन्ही नावं
एकमेकांतून वर येतात.
गिऱ्हाईक डोळे बारीक करून बघतं,
मग बोट दाखवून मागतं.
मी विचारते, किती देऊ?